पुढची जागा आणि मामांचा पट्टा

माझ्या मामांनी मला फसवलं. मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. सनई मी त्यांच्याकडेच शिकलो आणि पुढे त्यांचीच मुलगी केली, त्यामुळे ते माझे सासरेही. इतक्या नात्यांत त्यांनी मला एक वाक्य सांगायला हवं होतं. चौदा वर्षं सांगितलं नाही. त्या वाक्यापायी माझे हात जायला आले, पाय जायला आले, आणि आज माझ्या गळ्यावर पुढून एक आडवी चीर आहे.

आता मी बरा आहे. पूर्ण नाही, पण शर्टाची बटणं माझी मी लावतो. हे लिहितोय ते सनई, क्लॅरिनेट, ट्रंपेट, जे काही फुंकून पोट भरतात त्यांच्यासाठी. त्यांच्या बायकांसाठीही, कारण बायकांना आधी कळतं. मला डॉक्टरकी येत नाही. झालं ते सांगतो. राग लपवणार नाही. लपवला तर लिहिलेलं खोटं होईल.

चप्पल

सुरुवात चपलेनं झाली. पिंपरीच्या भाजी मंडईत मी वांग्यांचा भाव पाडत होतो. भाव पाडला, पिशवी घेतली, पुढे निघालो. वीसेक पावलांवर मागून बायकोचा आवाज आला, "अहो, चप्पल."

वळून पाहिलं तर कल्पनाच्या हातात माझी डाव्या पायाची चप्पल. ती पायातून कधी निघाली, मला कळलंच नव्हतं. आजूबाजूचे हसले, मीही हसलो. "भाव पाडता पाडता चप्पल पण पाडली," असं कल्पनाही म्हणाली. आठवड्याभरात हे आणखी दोनदा झालं तेव्हा ती हसली नाही.

बोटं त्याच्या आधीपासूनच ऐकत नव्हती. सनईची भोकं बोटांच्या पेरांनी दाबायची असतात, आणि माझ्या उजव्या हाताची करंगळीशेजारची बोटं उशिरा पोचायला लागली होती. स्वर फाटायचा. मी सनई बदलली. पत्ती, म्हणजे सनईच्या फुंकायच्या टोकाशी जे ताडाच्या पानाचं असतं ते, बदलून बदलून थकलो. नामदेव माझ्या ताफ्यातला सगळ्यात जुना माणूस. तो बेसूर वाजवतो म्हणून त्याला लोकांसमोर झापला. दोष माझ्यात असेल हे डोक्यातच येत नव्हतं. मी मराठवाड्यातून पिशवी घेऊन इथं आलो, चाकणला कंपनीत, पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपमध्ये शिफ्टा केल्या, सुट्टीला लग्नं वाजवली, आणि आज तळेगावपासून चाकणपर्यंत माझे चार ताफे वाजतात. अशा माणसाला वाटतं, बिघाड नेहमी मालात असतो, मालकात नसतो.

घराजवळच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं, "इव्हेंटचा व्यवसाय." कार्डावरही तेच छापलंय. खुर्चीत बसून फोन करणारा माणूस समजून त्यांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. त्यांची चूक नाही. दोन वर्षं मी एकाही डॉक्टरला 'मी सनई वाजवतो' असं सांगितलं नाही. लाज नव्हती वाटत, पण सनईवाला म्हटलं की समोरचा खुर्ची पुढे करत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलंय. तुम्ही ही चूक करू नका. केसपेपरवर आपलं खरं काम लिहा.

गुंडाळलेलं पाकीट

मोठ्या दवाखान्यात एम.आर.आय. झाला. डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडावर लावली आणि बराच वेळ माझ्याकडे वळल्याच नाहीत. कल्पना शेजारी बसली होती. तिनं माझा हात धरला होता, तो मला नीटसा जाणवत नव्हता.

"काम काय करता?" बाईंनी विचारलं.

मी 'इव्हेंट' म्हणायला तोंड उघडलं तोच कल्पना बोलली, "सनई वाजवतात. वीस वर्षं."

बाई गर्रकन वळल्या. "कशी वाजवता? दाखवा."

सनई कुठली तिथं? मी एम.आर.आय.चं मोठं पाकीट गुंडाळलं, तोंडाला लावलं आणि रोज बसतो तसा बसलो. छाती पुढे, हनुवटी वर, डोकं मागे, पाकिटाचं टोक छताकडे. तेवढ्यात मानेतून पाठीच्या कण्यातून पायापर्यंत विजेची तार ओढल्यासारखं झालं. पाकीट हातातून पडलं.

"खाली! मान खाली घ्या आधी!" बाई जवळजवळ ओरडल्या.

मग त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. मानेच्या मणक्यांमधली गादी सरकलीय, हाड वाढलंय, आणि मेंदूकडून हातापायाला जाणारी मुख्य नस त्यात दाबली जातेय. "बागेतल्या पाइपवर पाय दिला की पुढे पाणी जात नाही ना, तसं. आणि तुम्ही मान मागे टाकता तेव्हा तो पाय आणखी जोरात पडतो."

"गोळ्या?"

"ऑपरेशन. लवकर."

"लग्नसराई संपू द्या. आषाढात करू."

"तोपर्यंत व्हीलचेअर लागली तर?"

त्यानंतर त्या बरंच बोलल्या. मला एक अक्षर आठवत नाही. व्हीलचेअर हा शब्द कानात पडला आणि बाकीचे शब्द बाहेरच उभे राहिले. बाहेर आल्यावर मी पार्किंगमध्ये गाडीची किल्ली लावायला गेलो तर ती भोकात जाईना. माझ्या हातातून किल्ली घेऊन कल्पना म्हणाली, "रिक्षा करू." भाव न करता मी रिक्षात बसलो. तिनं नंतर सांगितलं की तिला खरी भीती तेव्हा वाटली.

मान आणि मान

सनई वर धरून वाजवायची, हे मामांचं. आमच्या गावाकडे सनईवाले मांडवाच्या दारात, लोकांच्या वहाणांच्या ढिगाशेजारी बसत. अंग चोरून, सनईचं तोंड जमिनीकडे करून वाजवत. पंगतीही त्यांच्या शेवटी उठत. मामांनी तरुणपणी ठरवलं की आपला ताफा असा वाजवणार नाही. "सनईवाल्याची मान खाली गेली की त्याचा मान गेला," असं ते म्हणत. मला शिकवताना हनुवटीखाली त्यांची मूठ असायची. हनुवटी जरा खाली आली की मूठ वर सरकायची.

आणि ते दिसायचंही. लॉनच्या कमानीवर आम्ही बसलोय, सनईचे पितळी प्याले आभाळाकडे, खालून नवरी येतेय. पिंपरी-चिंचवडच्या लग्नांत आमचा ताफा लोक लांबून ओळखायचे. फोटोवाले आल्या आल्या म्हणायचे, "काका, सनई वर!" आम्हाला सांगावं लागायचं नाही, आधीच वर असायची.

ताफ्यात पुढची जागा असते ती चाल वाजवणाऱ्याची. त्याच्या मागे सूर धरणारा बसतो. त्यानं न थांबता एकच स्वर भरत राहायचा. पुढच्या जागेवर मामा होते. चौदा वर्षांपूर्वी दसऱ्याला मी त्यांना म्हणालो, "पुढची जागा मला द्या, नाहीतर मी वेगळा ताफा काढतो." मी भांडायची पुरी तयारी करून गेलो होतो. रात्रभर मुद्दे घोकले होते.

मामा म्हणाले, "घे."

पहिल्याच शब्दाला! कारण विचारलं तर म्हणाले, "आता दम पुरत नाही. मी मागं बसून सूर धरतो." त्याच आठवड्यात कल्पनाचं माझ्याशी लग्नही ठरलं. मला वाटलं, माझ्यासारखा सौदा कोणी केला नसेल.

ज्यानं आयुष्यभर भाव केलाय त्याला हे कळायला हवं होतं: समोरचा पहिल्या शब्दाला हो म्हणाला की मालात खोट असते. दुसरी गोष्ट तर शिकाऊ पोरालाही कळते. सूर धरायला चाल वाजवण्यापेक्षा जास्त दम लागतो. तिथं श्वास तोडताच येत नाही. गालात हवा साठवून नाकानं ओढत राहावं लागतं. दम पुरत नाही म्हणणारा माणूस सूर कसा धरेल? हा प्रश्न मला चौदा वर्षं पडला नाही.

पट्टा

ऑपरेशनची तारीख मिळाली. तोपर्यंत मानेला पट्टा बांधा, असं बाईंनी सांगितलं. कल्पना म्हणाली, "घरात आहे एक. आबांचा. मागे कधीतरी ते मोटरसायकलवरून पडले होते तेव्हाचा."

आबा म्हणजे तिचे वडील, माझे मामा. मामी गेल्यापासून मामांची लोखंडी ट्रंक आमच्या संत तुकाराम नगरच्या घरीच होती. कल्पनानं तिच्यातून पट्टा काढला. पिवळा पडलेला, घामाचा वास. वरचं कापड धुवायला म्हणून तिनं शिवण उसवली तर आत घडी घातलेला कागद होता.

ती तो कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. गावाकडच्या कुठल्याशा डॉक्टरची चिठ्ठी. वर मामांचं नाव. खाली औषधं, आणि त्याखाली मराठीत, दोन रेघा मारून: 'मान मागे टाकून सनई वाजवणे बंद. हातांची ताकद जाण्याचा धोका. सनई खाली धरावी.'

तारीख श्रावणातली. मी पुढची जागा मागितली तो दसरा त्याच वर्षीचा.

मी तो कागद किती वेळा वाचला माहीत नाही. पहिल्यांदा वाटलं, नाव दुसऱ्या कोणाचं असेल. मग डोळ्यांपुढे मामा आले, माझ्या मागे बसलेले. सनईचं तोंड गुडघ्याकडे, हनुवटी जागेवर. मी नेहमी म्हणायचो, म्हातारपणानं हात खाली येतात. चौदा वर्षं त्यांनी स्वतःची सनई डॉक्टरच्या शब्दावर खाली धरली, आणि समोर माझी मान रोज मागे पडताना पाहत सूर भरत राहिले.

"हा कागद तू फाडू शकली असतीस," मी कल्पनाला म्हणालो.

"शकले असते."

"मग?"

"तुमची चप्पल निघते आणि मी मागून उचलत येते. माझ्या नवऱ्याला काय झालंय, कशानं झालंय, ते मला माहीत पाहिजे." मग ती पलंगावर बसली. "पण आता मला विचारू नका मी कोणाच्या बाजूची. दवाखान्यात नवरा आणि दारात बाप. मी कोणाचं ताट आधी वाढू?"

मी तिच्यावर ओरडलो. का, ते सांगता येणार नाही. तिच्या बापावर ओरडायचं होतं, तो समोर नव्हता.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनच्या चार दिवस आधी भरती केलं. पहाटे नर्स रक्तदाब बघायला उठवायची, मग चहा, मग राउंड, मग दिवसभर काही नाही. डॉक्टर आले की दोन्ही हात पुढे करून मूठ उघड-मीट करायला लावायचे आणि मोजायचे. रोज मी एखादी मूठ जास्त करायचा प्रयत्न करायचो, जसं काही जास्त झाली तर ऑपरेशन टळणार होतं. खिडकीजवळची खाट मिळावी म्हणून मी सिस्टरशी दोन दिवस घासाघीस केली आणि मिळवली. हातात काही राहिलं नव्हतं, तेवढा एक सौदा जमला म्हणून बरं वाटलं.

शेजारच्या खाटेवर चाकणकडच्या एका गावचे तात्या होते, गोठ्याच्या छपरावरून पडलेले. माझ्या पट्ट्याकडे बघून म्हणाले, "आमच्या बैलाला बी असंच जू घालत्यात. फरक येवढाच, त्यो भाव करीत न्हाई."

"तात्या, तुम्ही भाव न करता पडलात का?"

"म्या? म्या फुकट पडलो बाबा."

ऑपरेशन तोंडावर आलेलं असताना तात्यांनी मला हसवलं. हे उपकार मी विसरणार नाही.

मामा तिसऱ्या दिवशी आले. शेंगदाण्याचे लाडू घेऊन, पांढरी टोपी, ताठ चाल. सत्तरीचा माणूस, जिन्यावरून आला तरी धाप नाही. मी उशीखालून कागद काढून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. पट्ट्याकडे पाहिलं. "धुतलेला दिसतोय. कल्पीनं धुतला?"

"मामा, हा कागद तुमचा आहे का?"

"कशाला ओरडायलास? दवाखाना आहे."

"तुमचा आहे का?"

"नाव वाचता येतंय की तुला." ते स्टुलावर बसले. "तुला पुढची जागा पाहिजे होती. तू मागितलीस. मी दिली."

"मालात खोट असली तर सांगायची असते."

"तू सांगतोस? सुपारी घेताना तू मुलीच्या बापाला सांगतोस का, आमच्यातल्या एकाला ताप आहे म्हणून?" लग्नाच्या बुकिंगला आमच्यात सुपारी म्हणतात. मामा भाव करण्यात माझे बाप. मी शिकलो त्यांच्याकडूनच.

"मी विचारलं होतं, मामा. का सोडताय, असं तोंडानं विचारलं होतं. काय म्हणालात? दम पुरत नाही. मग चौदा वर्षं सूर कसा धरलात?"

वॉर्डात सगळे ऐकत होते. तात्यांनीसुद्धा तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मी म्हणालो, "मागे बसून माझी मान बघत होतात ना रोज? एकदा तरी खांद्यावर हात ठेवायचा."

"खाली धरून वाजवलं असतंस तर ताफा उठला असता," ते हळू म्हणाले. "परत वहाणांपाशी."

"माझे हात गेले असते!"

त्यावर ते उठले. मला वाटलं जातायत. पण ते माझ्याजवळ वाकले आणि माझ्या गळ्यातला पट्टा सोडला. "उलटा बांधलास. खाच पुढं पाहिजे, हनुवटीखाली." त्यांनी तो फिरवून घट्ट बांधला. त्यांची बोटं चटचट चालत होती. वेळेवर थांबलेल्या माणसाची बोटं. मला त्याच क्षणी समजलं की माझी अशी कधीच चालणार नाहीत.

लाडू ठेवून ते निघून गेले. लाडू तात्यांनी खाल्ले.

गळ्यावरून

ऑपरेशन गळ्याच्या पुढच्या बाजूने होणार, हे आदल्या दिवशी कळलं. माझी बोबडीच वळली. ज्या नळीतून माझी सनई वाजते तिच्या शेजारून सुरी जाणार.

"मागून करा," मी बाईंना म्हणालो.

"मागून बरोबर पोचता येत नाही."

"मग निम्मं मागून..."

"अहो, हा कापडबाजार आहे का?" बाई हसल्या, पण लगेच स्टूल ओढून बसल्या. आवाज काही आठवडे बसेल, गिळायला त्रास होईल, गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही, पण पुढे जाणारी थांबेल, असं त्यांनी हातचं काही न राखता सांगितलं. कोणी खरं सांगितलं की भीती कमी होत नाही, पण तिला कडा येतात. तुम्ही डॉक्टरला विचाराच. माझं काय जाऊ शकतं, असं सरळ विचारा.

मी त्यांना आणखी एक विचारलं. "हे सनई वर धरल्यानं झालं, असं लिहून द्या."

"फक्त त्यानं झालं असं मी लिहिणार नाही. वय आहे, कंपनीत ओझी उचललीत, हाडांची ठेवण असते. सनईनं भर घातली."

"रुपयात बारा आणे तरी लिहा."

"आणे लिहीत नाही मी," बाई म्हणाल्या.

तेव्हा चिडलो होतो. पण तुमच्यापासून हे लपवणं बरोबर नाही, म्हणून लिहितोय. सनईनं भर घातली. कमी की जास्त, मला माहीत नाही. पण थांब म्हणणारा कागद घरात होता, हे मात्र पक्कं आहे.

शुद्धीवर आलो तेव्हा कल्पना दिसली. तिचं नाव घ्यायला गेलो आणि फक्त हवा आली. आवाज नव्हता. बाईंनी आधी सांगितलं होतं, तरी धक्का बसायचा तो बसलाच. आयुष्यभर ज्याचं तोंड चाललं त्याला पाणी मागायलाही बोट दाखवावं लागत होतं. तीन आठवडे मी भाव करू शकलो नाही, ओरडू शकलो नाही. कल्पना म्हणाली, "लग्नानंतरचे सगळ्यात शांत दिवस." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

याच दिवसांत मामा दर रविवारी जेवायला येत राहिले. कल्पना दोघांची ताटं एकाच वेळी आणून एकाच वेळी ठेवायची, म्हणजे कोणाचं आधी हा प्रश्नच नको. मामा जेवायचे, ताट उचलायचे, जायचे.

सरळ

पाच महिन्यांनी सनई हातात घ्यायला परवानगी मिळाली, तीही व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमच्या नजरेसमोर. मी नीट समजून घेतलं होतं की आता सनई खाली धरायची. म्हणून डोकं वाकवलं, हनुवटी छातीला लावली आणि फुंकलं. रबरी बाहुली दाबल्यासारखा आवाज आला.

"हेही चूकच," मॅडम म्हणाल्या. "घसा दुमडला तुमचा. डोकं सरळ. समोरच्या खिळ्याकडे बघा. आता सनई तोंडाकडे आणा. तोंड सनईकडे न्यायचं नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. वीस वर्षं मी सनईमागे धावलो. आधी बूड आणि पाठ नीट बसवायची, दोन्ही कोपरं बरगड्यांपासून जरा सुटी, नजर समोर, आणि मग सनई येऊ द्यायची. तिचं तोंड ना आभाळाकडे, ना पायांकडे. समोर बसलेल्या माणसाच्या गुडघ्याकडे.

"थोडी वर चालेल का?" मी विचारलं.

"नाही."

"चार बोटं?"

"नाही."

"दोन?"

"एक," मॅडम म्हणाल्या, "आणि हनुवटी हलली तर तेही परत घेईन."

कोन बदलला की पत्ती ओठावर वेगळ्या जागी बसते. स्वर उतरायला लागला, ओठ सुजला, मला माझाच आवाज परका वाटला. करंगळीशेजारची बोटं अजूनही उशिरा पोचतात, म्हणून जलद चाली मी सोडून दिल्या. पण एके सकाळी घरी मी तोडी रागातली साधी चाल धरली आणि स्वर लागला. पूर्वीइतका लांब जात नव्हता, पण गोल होता. कल्पना पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "हा तुमचा आवाज नाही," ती म्हणाली. मग, "पण चांगला आहे."

नामदेवचा प्रश्न

मी माझ्या चारही ताफ्यांच्या पुढच्या जागेवरच्या माणसांना आणि नामदेवला घरी बोलावलं. पट्टा दाखवला, चीर दाखवली, कागद वाचून दाखवला. म्हणालो, आजपासून सनई वर धरायची नाही. फोटोवाल्यानं मागितलं तरी नाही. माझ्यासारखं कोणाचं होता कामा नये.

मला वाटलं, गहिवरतील. नामदेव चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, एक विचारू? तुमची बोटं कधीपासून सुन्न होती?"

"दोन वर्षं."

"त्या दोन वर्षांत आम्हाला किती वेळा म्हणालात, सनई वर?"

मला राग आला, तोंडाशी आलंही, की मला तरी कुठं माहीत होतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. वर धरली की मुंग्या जास्त येतात, हे मला वर्षभर आधीच कळलं होतं. कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरला नाही, कल्पनाला नाही. पुढची जागा सोडावी लागेल म्हणून. आणि त्याच वर्षात नामदेवला मी लोकांसमोर झापलं होतं.

"हो," मी म्हणालो. "मला कळत होतं. गप्प बसलो. घाबरलो होतो. आणि तुला बेसूर म्हणालो तेव्हा बेसूर मीच होतो. तुझं चुकलं नव्हतं."

नामदेव कप उचलून उरलेला चहा प्याला. पण दुसऱ्या आठवड्यात त्याचा मोठा मुलगा त्याला त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. त्याच्या मानेत सुरुवात होती. नुसती सुरुवात. व्यायामावर भागलं.

या दसऱ्याला चाकणच्या एका कारखान्यात मशिनच्या पूजेला आम्ही वाजवलं. मी पुढे बसलो, हळू चालींपुरता, सनई सरळ. तिथला एक साहेब मोबाइल घेऊन आला, "काका, जरा सनई वर घ्या ना, फोटो छान येईल."

"फोटो खाली बसून काढा," मी म्हणालो. "मग वरच दिसेल."

तो खरंच खाली बसला. माझ्या मागे मामा सूर धरत होते. मीच बोलावलं होतं त्यांना; त्यांच्यासारखा सूर या भागात कोणाचा नाही, हे रागातही मला नाकारता येत नाही. चाल संपली तेव्हा मागून फक्त त्यांचा सूर उरला, बराच वेळ, न तुटता.

मामा, हे तुमच्यापर्यंत पोचेल. कल्पना तुम्हाला वाचून दाखवेल, एक शब्द न गाळता. तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तुमच्या मानाचं मला कळतं. वहाणांपाशी मीही बसलोय. त्याबद्दल मी विचारत नाही. मी विचारतो ते एवढंच: त्या दसऱ्याला मी पुढची जागा मागितली तेव्हा तुम्ही 'घे' म्हणालात. तो शब्द तोंडातून निघताना तुम्हाला पट्ट्यातला कागद आठवला होता का?

हो किंवा नाही. नामदेवनं मला चारचौघांत विचारलं आणि मी चारचौघांत उत्तर दिलं. तुमची मान शाबूत आहे, दमही शाबूत आहे. येत्या रविवारी ताटं वाढल्यावर, पहिला घास घेण्याआधी, माझ्याकडे बघून उत्तर द्या.